एक किलोचा उपग्रह

आम्ही नवी मुंबईच्या बचत गटातून बोलतोय. आजचा विषय उपग्रहाचा आहे. हसू नका, हा उपग्रह जेमतेम एक किलोचा, साखरेच्या पुडीएवढ्या वजनाचा होता. नाव ‘स्वयम्’. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलामुलींनी तो बनवला, आणि २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटनं श्रीहरिकोट्याहून वर नेला.

त्या रॉकेटात वीस उपग्रह होते. टेम्पोत टोपल्या लावतो ना, तसंच. एक सुटली तर शेजारचीचं नुकसान. म्हणून असल्या छोट्या उपग्रहांचं माप जगभर ठरलंय. लांबी, रुंदी, उंची, तिन्ही दहा सेंटिमीटर. माप सारखं, म्हणून तयार डब्यात तो बसतो. वर गेल्यावर झाकण उघडतं, स्प्रिंग त्याला बाहेर ढकलते. दर वेळी नवी बैठक घडवावी लागत नाही.

पण एवढ्याशा जागेत बॅटरी, रेडिओ, अँटेना सगळं मावायला हवं! मग दिशा धरायला त्यात मोटर न घालता लोहचुंबक बसवला. होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या चुंबकत्वाला धरून राहते, तसा तो राहतो. वीज लागतच नाही. आम्हाला ही युक्ती फार आवडली. हौशी रेडिओवाल्यांचे निरोप एका जागेहून दुसरीकडे पोचवणं, हे त्याचं काम.

आमच्या पुढच्या बैठकीत, सायन्सला जाणाऱ्या मुलींच्या फीसाठी अंतर्गत कर्ज द्यायचा ठराव येतोय. विरोध असणाऱ्यांनीही जरूर यावं.