आडनावातले गाव
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली. चुकले तर सांभाळून घ्या.

यवतमाळात आम्ही वणीकर. पण खुद्द वणीत कोणी कोणाला वणीकर म्हणत नाही! माणूस गाव सोडून दुसरीकडे राहिला, की लोक त्याच्या गावाला ‘कर’ जोडतात. गोव्यातील मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर झाले. आपल्या दारव्ह्याचे नाव आडनावात घेऊन नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक दिले.

म्हणजे ‘कर’ ही सोडलेल्या गावाची आठवण. मग गाव तर आपण सगळ्याच सोडून आलो! माझे माहेर राळेगावचे. लग्न झाले आणि तोवर कधी न पाहिलेल्या वणीचे नाव मला लागले. सासूबाई मात्र शेवटपर्यंत मला ‘राळेगाववाली’ म्हणत. तेव्हा राग येई. आज त्या नाहीत, तर ती हाक ऐकावीशी वाटते. माझे गाव तेवढ्या हाकेतच उरले होते.

एक विनंती करते. मंडळाच्या हजेरीवहीत प्रत्येकीच्या नावापुढे तिच्या माहेरचे गाव लिहावे. माझ्या नावापुढे राळेगाव लिहा.