गळका रेडिएटर आणि चालकाची मजुरी



वसंतातल्या ह्या व्यासपीठावर संतवाङ्मय होते, इतिहास होतो, ग्रहगोलांचीही चर्चा होते. ट्रकचा रेडिएटर हा विषय चालकांनी कार्यवाहांकडे चिठ्ठी पाठवून सुचविला, आणि कार्यवाहांनी तो न हसता स्वीकारला, ह्याबद्दल त्यांचे आभार. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतला माल आपल्या दारावरून रात्रंदिवस जात असतो. एखादी जुनी गाडी बॉनेट उघडून वाफा सोडीत रस्त्याच्या कडेला उभी असते, आणि वाहतूक अडली म्हणून चरफडत आपण पुढे जातो. त्या वाफेचे पैसे कोण भरतो, हा आमचा आजचा विषय आहे. परंतु ती वाफ कुठून येते हे समजल्याशिवाय पैशांचा प्रश्न सुटत नाही. म्हणून आधी थोडे यंत्रासंबंधी बोलू.

इंजिनात जळणाऱ्या डिझेलच्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने तिसरा हिस्सा चाके फिरविण्याच्या कामी येतो. तितकाच धुराबरोबर जातो, आणि उरलेला इंजिनाच्या अंगात मुरतो. तो पाण्याने उचलून बाहेर आणावा आणि वाऱ्याला द्यावा, एवढ्यासाठी रेडिएटर. जुन्या गाड्यांत वर एक टाकी, खाली एक टाकी, मध्ये पितळेच्या चपट्या नळ्यांच्या रांगा आणि त्या नळ्यांना चिकटलेली तांब्याच्या पातळ पत्र्याची जाळी. सारे सांधे कथील आणि शिसे ह्यांच्या डागाने जोडलेले. वरच्या झाकणात एक स्प्रिंग असते. तिच्यामुळे आतले पाणी दाबाखाली राहते. दर चौरस इंचास सात पौंडांचा दाब असला तर ते शंभराऐवजी एकशेदहा अंशांच्या आसपास उकळते. गरम गाडीचे झाकण घाईने उघडणाऱ्या क्लीनरचे तोंड भाजते ते ह्यामुळेच. दाब सुटताच पाण्याची एकदम वाफ होते. हे शास्त्र त्या पोराला कुणी सांगितलेले नसते. त्याला सांगितलेले असते एवढेच, की गाडी गरम झाली, पाणी टाक.

१९५४ साली जमशेदपूरला टाटांनी जर्मनीच्या डेम्लर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बांधावयास घेतले. तिकडे लेलँडच्या गाड्या होत्या. आणि महायुद्ध संपल्यावर लष्कराने विकलेली वाहनेही बरीच वर्षे रस्त्यावर होती. ह्या सर्वांचे रेडिएटर डाग लावून दुरुस्त होणारे होते. आपले उल्हासनगर मुळात युद्धकाळातले कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधी निर्वासित ह्या बराकींत आले, १९४९ साली गावाला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि मिळेल तो धंदा करीत माणसे उभी राहिली. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण सर्वांनी ऐकला आहे. हसण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे, की मोडलेली वस्तू पुन्हा चालती करण्याची विद्या ज्या गावाला येते त्याचीच अशी थट्टा होते.

आता गळतीकडे वळू. पाणी जेथे दिसते तेथेच भोक असते असे नाही. ते नळीवरून ओघळत खाली येते आणि भलत्याच सांध्याशी ठिबकते. म्हणून चांगला कारागीर रेडिएटर उतरवून तोंडे रबराने बंद करतो, पंपाने थोडी हवा भरतो आणि तो हौदात बुडवितो. बुडबुडे निघतात ती खरी जागा. दाब बेताचा ठेवावा लागतो, नाहीतर तपासणीतच नवे भोक पडते. टाकीच्या सांध्याला गळती असेल तर डाग लावून काम भागते. एखाददुसरी नळी कुजली असेल तर ती दोन्ही टोकांनी बंद करता येते. पण बंद केलेली प्रत्येक नळी म्हणजे थंडावा देणारा एक रस्ता कमी झाला. अशा चारसहा नळ्या बंद झाल्या की डाग लावीत बसण्यात अर्थ नाही. टाक्या जुन्या ठेवून मधली जाळी नवी घालावी, हा आमच्या मते जुन्या गाडीचा सर्वांत शहाणा इलाज. अलीकडच्या ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला प्लॅस्टिकच्या टाक्या रबर घालून दाबून बसविलेल्या असतात. तेथे हा डाग लागत नाही. बहुधा सबंध वस्तूच बदलावी लागते.

रस्त्यावरचा इलाज निराळा. चालक रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकतात. ह्याला कुणी हसू नये. हळद फुगून बारीक छिद्रात बसते आणि गाडी गावापर्यंत येते. मात्र तीच हळद नळ्यांतही बसते. ती पुढे धुऊन काढली नाही, तर आज वाचविलेली गाडी महिन्याभराने घाटात उभी राहते.

घाटाचेच उदाहरण सांगतो. काही वर्षांपूर्वी एक चालक आमच्या युनियनकडे आला. बदलापूरहून बारवीच्या बाजूने मुरबाड, तेथून माळशेज चढून पलीकडे, अशी त्याची फेरी होती. मुरबाडपर्यंत गाडी नीट आली. घाटात गरम झाली, गॅस्केट गेले, हेड वाकले. मालकाने दुरुस्तीचा खर्च त्याच्या पगारातून हप्त्याने कापण्यास सुरुवात केली. मालकाचे म्हणणे, तू पाणी पाहिले नाहीस. चालकाचे म्हणणे, पाणी होते, पण तापमानाचा काटाच सहा महिने हलत नव्हता. साक्षीदार कोण? क्लीनर नोकरी सोडून गेलेला.

आम्ही उल्हासनगरला त्या कारागिराकडे गेलो. "साईं, ती जुनी जाळी अजून आहे का?" असे विचारले. ती भंगारात जाण्याच्या ढिगावर होती. त्याने वरची टाकी आमच्यासमोर उघडली. निम्म्याहून अधिक नळ्यांची तोंडे पांढऱ्या-पिवळ्या क्षाराने बुजलेली, आणि सहा नळ्या पूर्वीच्याच डागांनी बंद. हा क्षार एका रात्रीत धरत नाही. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे घातले, जाळी कधी धुतली नाही, म्हणजे तो असा थर धरतो. सपाटीवर अशी गाडी चालून जाते. घाटात खालच्या गियरमध्ये इंजिनाचा जोर पूर्ण आणि समोरचा वारा कमी, तेथे ती उघडी पडते. जाळी हाताच्या गाडीवर घालून आम्ही मालकाच्या कचेरीत नेली आणि टेबलावर ठेवली. तो गृहस्थ बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. कपात थांबली, कापलेले पैसे परत मिळाले. गाडी उभी होती त्या दिवसांचा भत्ता मात्र मिळाला नाही, आणि चालकाने दोन महिन्यांनी दुसरी नोकरी धरली.

१९३६ च्या वेतन कायद्याने ठरविले होते, की कामगाराच्या हयगयीमुळे नुकसान झाले असेल तरच कपात, आणि तीही त्याला आपले म्हणणे मांडू दिल्यावर. २०१९ च्या वेतन संहितेतही तेच तत्त्व आहे. पण म्हणणे मांडावयाचे ते कशाच्या आधारावर? पुरावा तांब्यापितळेचा, आणि तांब्यापितळेला भाव असल्यामुळे तो सर्वांत आधी विकला जातो. म्हणून आम्ही कपातीच्या प्रत्येक तक्रारीत पहिला प्रश्न विचारतो, जुनी वस्तू कोठे आहे? चालकांनाही आम्ही बजावतो, की नाल्याचे पाणी भराल, तापलेल्या इंजिनात गार पाणी ओताल आणि ब्लॉक तडकेल, तर आम्ही तुमची बाजू घेऊन कचेरीत येणार नाही. वालधुनीतून डबा भरणारा क्लीनर आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. आणि मालक म्हणजे सगळे गबर असेही नव्हे. एकदोन गाड्या, डोक्यावर कर्ज, भाडे मिळेल त्या दराने. जाळी धुण्यासाठी एक दिवस गाडी उभी करणे त्यांना जिवावर येते.

ह्या भांडणात तिसरा माणूस कुणाच्या लक्षात येत नाही, तो डाग लावणारा. जुना डाग ब्रशने खरवडताना शिशाची धूळ उडते, ज्योत फार झाली की धूर निघतो, आणि त्याच हातांनी तो भाकरी मोडतो. पोटात कळा येतात, रक्त कमी होते, पुढे मनगटातला जोर जातो. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने शिशाची विषबाधा धंद्यातला रोग म्हणून मानली होती. पण भरपाई मागावयास मालक लागतो, आणि हा स्वतःच्या गाळ्यात स्वतःच मालक असतो. त्याला आम्ही एवढेच सांगू शकलो, की जेवणापूर्वी साबणाने हात धू, गाळ्यात जेवू नकोस, कामाचे कपडे घरी नेऊ नकोस, वर्षातून एकदा रक्तातले शिसे तपासून घे. त्याने पहिल्या तीन गोष्टी मानल्या.

आमच्या मागणीपत्रात सध्या एक कलम आहे. कपात करावयाची असेल तर उतरविलेली जाळी गाडीच्या नंबरची चिठ्ठी लावून पंधरा दिवस गॅरेजात ठेवावी आणि चालकासमक्ष उघडावी. काही मालकांनी ते तोंडी मान्य केले आहे. बाकीच्यांचा सवाल असा, की त्या पंधरा दिवसांत तांब्याचा भाव उतरला तर फरक कोण देणार. त्यावर पुढील महिन्यात बैठक ठरली आहे.