शाळेच्या वाटेवर सायकल
(1979 च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि मागे पंगतीची तयारी ऐकू येते आहे, तेव्हा प्रास्ताविक गाळतो.

सकाळी आल्याआल्या मी आपला सायकल स्टँड बघायला गेलो. पत्रे तेच आहेत. खाली मात्र शिक्षकांच्या स्कूटर उभ्या आहेत. (बाई, तक्रार नाही, तुम्ही तरी कुठे लावणार!) आपल्या वेळी तिथे सायकल घुसवायला जागा मिळायची नाही. एक ओढली की ओळीने दहा पडायच्या, आणि मग कोणाची पहिली पडली यावर मधली सुट्टी संपायची. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते काही उगीच नाही. खडकीच्या कारखान्याची पाळी सुटली की रस्ताभर सायकलीच दिसायच्या. दिवा नाही म्हणून, डबल सीट बसलो म्हणून पोलिसाने हवा सोडलेले किमान चार जण मला इथे समोर दिसताहेत.

आता आठवीच्या एका वर्गात जाऊन विचारलं, सायकलने कोण येतं? तीन हात वर झाले. बाकीच्यांना सायकल नाही असं नाही. घरी आहे, सोसायटीच्या आवारात गोल गोल चालवतात. एक मुलगी म्हणाली, "आई चौकापर्यंत सोडत नाही." तिचं घर शाळेपासून दीड किलोमीटर आहे. रमतगमत चालवली तरी नऊ-दहा मिनिटं. तिची आई तिला रोज स्कूटरवरून आणते आणि त्याच चौकातल्या गर्दीत एक स्कूटर वाढते. आईचं चुकत नाही. मी तो चौक पाहिला आहे, मीही सोडलं नसतं.

आणि असे चौक मी स्वतः केले आहेत, म्हणून आज बोलायला उभा आहे.

तुम्हाला माहीत आहे, मी आयुष्यभर रस्त्यांच्या कामावर होतो. कुठल्या खात्यात, ते इथे महत्त्वाचं नाही. आमच्याकडे चांगला रस्ता म्हणजे रुंद रस्ता आणि चांगला चौक म्हणजे गाडी न थांबता डावीकडे वळते तो. ज्याला आपण फ्री लेफ्ट म्हणतो. कोपरा जितका गोलसर कराल तितकी गाडी वेगात वळते. मी असे कोपरे हौसेने गोल केले. सरळ जाणारा सायकलवाला नेमका त्याच वेळी त्या वळणाऱ्या गाडीच्या पोटाशी असतो, हे कागदावर दिसत नव्हतं. कागदावर सायकलवालाच नव्हता.

आपले शिपाईमामा आठवतात? तास वाजवणारे. निवृत्त झाल्यावरही ते सायकलनेच फिरायचे. मी रुंद केलेल्या एका चौकात, माझ्याच गोल कोपऱ्यावर, टेम्पोने त्यांना उडवलं. खुब्याचं हाड मोडलं. भेटायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "तो रस्ता तूच केलास ना रे? छान झालाय." त्यांना खरंच अभिमान होता, शाळेतला पोरगा साहेब झाला म्हणून. मी पेरूची पिशवी ठेवून निघून आलो. त्यानंतर ते सायकलवर बसले नाहीत. आता ते नाहीत. ही गोष्ट मी घरीसुद्धा पुष्कळ वर्षं सांगितली नव्हती.

कोणी म्हणेल, सायकल मार्ग झाले की! झाले. 2006 साली स्वारगेट-कात्रज रस्त्यावर बीआरटी आली तेव्हा कडेला सायकलींचा पट्टाही आला. 2017 च्या डिसेंबरात आपल्या महापालिकेने शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, आठशेहून अधिक किलोमीटरच्या जाळ्याचा. कागद उत्तम आहे, जरूर वाचा. पण सायकल मार्गाची किंमत त्याच्या लांबीवर ठरत नाही, तो कुठे तुटतो यावर ठरते. मधे विजेचा डीपी आला, बसथांबा आला, पाणीपुरीची गाडी आली की मूल रहदारीत उतरतं. आणि चौकात, जिथे त्याची खरी गरज, तिथे तो बहुधा संपलेलाच असतो.

हॉलंडचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात, त्यांचं वेगळं आहे. वेगळं नव्हतं. 1971 साली त्या एवढ्याशा देशात रस्त्यावर तीन हजारांवर माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. मग आईबाप रस्त्यावर उतरले. 'मुलांची हत्या थांबवा' असंच त्यांनी चळवळीचं नाव ठेवलं. आजचे तिथले सायकल मार्ग त्या रागातून आले आहेत.

मी तुमच्याकडे आठशे किलोमीटर मागत नाही. दीड मागतो. त्या मुलीच्या सोसायटीपासून शाळेच्या फाटकापर्यंत. मी ती वाट तीनदा सायकलने केली, गुडघे कुरकुरत असताना. मुख्य रस्ता सोडून मागच्या गल्ल्यांनी आलं तर बहुतेक वाट आताच बरी आहे, वर झाडांची सावलीही आहे. दोन ठिकाणी गटाराच्या जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेने आहेत, टायर सरळ आत जातो. जाळी काटकोनात फिरवून बसवायची, एवढंच काम. मुख्य रस्ता एकदा ओलांडावाच लागतो. तिथे रस्ताच फुटपाथच्या उंचीला उचलायचा, म्हणजे गाडीला चढावं लागतं आणि वेग आपोआप पडतो. कोपरा पुन्हा आवळायचा. कसा, ते मला चांगलं माहीत आहे! आणि शाळा भरताना-सुटताना वीस मिनिटं फाटकासमोरच्या गल्लीत मोटारी, स्कूटर बंद. हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण ते पालकांना पटवावं लागेल. मुख्याध्यापिका बाईंशी बोललो आहे. पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी दहा मिनिटांच्या फरकाने सोडता येईल, असं त्या म्हणाल्या.

अर्ज मी लिहीन, नकाशा काढीन. खात्यात कोणत्या टेबलावर कागद अडतो ते मला पाठ आहे. पण एकट्या निवृत्त माणसाच्या अर्जाला कोणी विचारत नाही. आपल्या बॅचचे चाळीस जण आणि आताच्या पालकांच्या सह्या असल्या तर निदान फाइल उघडतील. आपल्यात दोन वकील आहेत, एक डॉक्टर आहे, आणि ज्यांचं बोलणं वर्गात कोणी कधी थांबवू शकलं नाही अशा दोघी आहेत. त्यांची विशेष गरज लागेल.

पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता फाटकाशी या. आठवीची काही मुलं येणार आहेत. वाटेत त्यांना भीती कुठे वाटते ते तीच दाखवतील, आपण मोजायचं आणि लिहून घ्यायचं. मोजायची टेप मी आणतो. सायकल नसेल तर चालत चला, पण स्कूटरवरून येऊ नका. आणि ज्यांची सायकल माळ्यावर आहे त्यांनी शनिवारीच हवा भरून बघा, ट्यूब बहुतेक बदलावी लागेल.