शेवाळ खाणारा मासा निवडताना

घरातल्या काचेच्या टाकीत खाऱ्या पाण्याचे मासे आणि प्रवाळ ठेवणाऱ्यांना दगडांवर चढणारं शेवाळ हमखास छळतं. मग शेवाळ खाणारा मासा आणायचं ठरतं. दुकानात पिवळाधमक यलो टँग नजरेत भरतो. पण तो वाढून 20 सेंटिमीटरपर्यंत जातो आणि त्याला पोहायला लांबरुंद जागा लागते. शंभर लिटरच्या टाकीत त्याचे हालच होतात.

छोट्या टाकीसाठी मला टेलस्पॉट ब्लेनी सर्वांत योग्य वाटतो. जेमतेम 6 सेंटिमीटरचा हा मासा दगडाच्या भोकात शेपूट आत, डोकं बाहेर असा बसतो. मध्येच झेप घेऊन फणीसारख्या बारीक दातांनी दगडावरचा शेवाळाचा पातळ थर खरवडतो, की पुन्हा भोकात! लांब, केसाळ शेवाळाला मात्र तो फारसा शिवत नाही. ते नायट्रेट आणि फॉस्फेट साचल्यानं फोफावतं. तिथे नियमित पाणी बदलणं आणि माशांना बेतानं खाणं घालणं हाच खरा उपाय.

नव्या, स्वच्छ टाकीत ब्लेनी सोडला तर तो उपाशी राहतो. शेवाळ संपलं की नोरी, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, त्याला द्यावं लागतं. टाकीवर जाळी हवीच, कारण तो बाहेर उडी मारतो. विकत घेताना पोट खपाटीला गेलेला मासा टाळा आणि दुकानदाराला तुमच्यासमोर खाणं घालायला सांगा. खात नसेल, तर घेऊ नका.