ठेचा खा, पण डाळीची वाटी आधी काढा



बचत जमा झाली, हप्त्यांचा हिशेब झाला. आता थोडं आपल्या ताटाबद्दल बोलू या.

ठेचा खाल्ला की नाक गळतं, घाम फुटतो, कानातून धूर निघतो. पण जीभ खरंच भाजते का? नाही. मिरचीत कॅप्सेसिन नावाचा घटक असतो. तोंडात गरम चटका ओळखणाऱ्या ज्या नसा आहेत, त्यांनाच तो जागं करतो आणि मेंदूला निरोप जातो, "भाजलं!" हे कोडं सोडवणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पुरस्काराचा मान मिळाला. वेदना झाली असं समजून मेंदू ती शमवणारी द्रव्यं सोडतो, असं मानलं जातं. म्हणून हाय-हाय करतानाही बरं वाटतं. रोजच्या सवयीनं चटका कमी जाणवतो, मग मिरची वाढतच जाते.

ही आग पाण्यानं विझत नाही. ताक, दही किंवा दूध घ्या. मसाला कुटताना हात भगभगले तर आधी तेल चोळा, मग साबणानं धुवा.

"तिखटानं अल्सर होतो," असं आपण म्हणतो. खरं तर तो बहुतेक वेळा एका जिवाणूमुळे किंवा अंगदुखीच्या गोळ्या वारंवार घेतल्यानं होतो. मात्र अल्सर किंवा पित्ताचा त्रास आधीच असेल, तर तिखटानं जळजळ वाढू शकते. रक्ताची उलटी झाली किंवा शौचाला डांबरासारखं काळं, चिकट झालं, तर घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

आता मुख्य गोष्ट. घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं? आपणच. तोवर भाजी संपलेली, डाळीचं नुसतं पाणी उरलेलं. मग भाकरी, ठेचा आणि तांब्याभर पाणी. तिखटानं तोंडाला चव येते, भाकरी घशाखाली उतरते, जेवल्यासारखं वाटतं. पण अंगाला लागणारं लोह, प्रथिनं कुठून येणार? ठेचा ताटातली उणीव झाकतो, भरून काढत नाही. पुढे हंडा उचलताना दम लागतो, चक्कर येते, आणि आपण म्हणतो, "कामाचा शीण आहे."

ठेचा सोडा असं मी म्हणत नाही. त्याच्याबरोबर डाळ, उसळ, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे हवेत. वर लिंबू पिळा, त्यानं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा नको. थकवा जात नसेल तर आशाताईंना सांगून हिमोग्लोबिन तपासून घ्या.

खर्च करून उरलं तर बचत, असं आपण करत नाही. बचत आधी बाजूला काढतो. तशीच स्वतःची वाटी वाढायच्या आधी काढून ठेवा.

पुढच्या बैठकीत हप्त्याबरोबर प्रत्येकीला विचारणार आहे, "ताई, वाटी काढली का?"