परतणाऱ्या गर्दीची व्यवस्था

मोठ्या मेळाव्याची व्यवस्था पाहणाऱ्यांना एका गोष्टीचा बहुधा विसर पडतो. लोक येतात ते वेगवेगळ्या वेळीं. जातात ते मात्र सर्व एकदम. फुटबॉलचा सामना पाहण्यास कोणी दोन तास आधीं येतो, कोणी खेळ सुरू होतां होतां धांवत येतो. परंतु पंचाची शेवटची शिटी वाजली कीं हजारों माणसें एकाच वेळीं उठतात आणि त्याच जिन्याकडे, त्याच रस्त्याकडे, त्याच गाडीकडे वळतात. ग्लासगो शहरांतील आयब्रॉक्स मैदानावर २ जानेवारी १९७१ रोजीं असेंच झालें. सामना संपत आला होता. मैदानांतून बाहेर पडतांना एका जिन्यावर विलक्षण दाटी झाली आणि तींत ६६ माणसें प्राणांस मुकलीं. संकट खेळ पाहतांना आलें नाहीं. घरीं जातांना आलें.

कोकणांत फुटबॉलच्या सामन्यांना एवढी गर्दी लोटत नाहीं. तथापि रत्नागिरी जिल्ह्याला हाच प्रश्न दरसाल भाद्रपदांत भेटतो. मुंबईचा चाकरमानी गणपतीसाठीं गांवीं येतो तो सवडीप्रमाणें, कोणी आठ दिवस आधीं, कोणी चतुर्थीच्या पहांटे. परतण्याची वेळ मात्र त्याच्या हातीं नसते. कोकणांतील पुष्कळशा घरगुती गणपतींचें विसर्जन गौरींबरोबर होतें. गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठेवर त्यांचें पूजन होतें आणि मूळ नक्षत्रावर त्या जातात. त्याच रात्रीपासून मुंबईच्या वाटेवर माणसांची रीघ लागते. ज्याची रजा संपली त्याला ‘दोन दिवस थांबून जा’ असें सांगण्यांत अर्थ नसतो.

गाड्या वाढवाव्या, हा उपाय सर्वांना सुचतो, आणि तो योग्यहि आहे. पण त्याला मर्यादा आहेत. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजीं खुला झाला. रोह्यापासून वीरपर्यंतचा भाग २०२१ सालीं दुहेरी झाला. परंतु त्यापुढें रत्नागिरीपर्यंतचा मार्ग बहुतांशीं एकेरीच आहे. एकेरी मार्गावर मुंबईकडे एक जादा गाडी सोडावयाची, तर समोरून येणाऱ्या गाड्या स्थानकांत थांबवून तिला वाट द्यावी लागते. शिवाय तिचे रिकामे डबे त्याच मार्गानें आधीं खालीं आणावे लागतात. एका शयनयान डब्यांत ७२ जागा, म्हणजे अशा वीस डब्यांच्या गाडींत १,४४० माणसें बसतात. तेवढींच माणसें चव्वेचाळीस आसनांच्या एस. टी. गाड्यांनीं नेण्यास तेहतीस गाड्या लागतील. तेव्हां दोन्ही साधनें एकमेकांस पूरक ठेवल्यावांचून गत्यंतर नाहीं.

रत्नागिरीकरांची आणखी एक अडचण आहे. सावंतवाडी-कणकवलीहून येणारी गाडी येथें पोंचते ती भरलेली. दाराशीं उभ्या असलेल्या माणसांमुळें चढणारास पाय ठेवण्यासहि जागा नसते. म्हणून रत्नागिरीहूनच निघणाऱ्या गाडीचें मोल येथील प्रवाशास अधिक वाटतें. शिवाय स्टेशन भर शहरांत नसून कुवारबांवच्या बाजूस आहे. विसर्जनाच्या रात्रीं तेथवर पोंचण्याची सोय नसेल, तर पुढील गाडीची सोय असून नसल्यासारखीच.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे माणसांना योग्य जागीं थोपवून धरणें. गाडी आल्यावर सर्वांना फलाटावर सोडणें हा धोक्याचा मार्ग होय. गाडीगणिक व डब्यागणिक रांगा स्टेशनाच्या आवारांतच लावाव्या, येणारांची व जाणारांची वाट निराळी ठेवावी, आणि फलाटावर मावतील तितक्यांनाच पुढें घ्यावें. थांबणें लोकांना तितकें जड जात नाहीं. कशासाठीं थांबावयाचें हें न कळणें जड जातें. गाडीला दोन तास उशीर आहे असें स्पष्ट सांगितलें, तर माणूस वळकटीवर टेकून बसतो. कांहींच न सांगितल्यास प्रत्येक शिटीसरशीं उठून धांवतो. नवी दिल्ली स्टेशनांत १५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्रीं कुंभमेळ्यास निघालेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन १८ जण मृत्युमुखीं पडले. प्रयागराजच्या सारख्या नांवांच्या गाड्यांविषयींच्या घोषणेनें घोटाळा झाला, असें पोलिसांनीं त्या वेळीं सांगितलें. एका अस्पष्ट वाक्याची किंमत किती होऊं शकते, हें त्यावरून ध्यानांत यावें.

श्रोत्यांच्या लक्षांत आलें असेल कीं, गर्दी विभागण्याचें काम आपल्या रूढीनें अजाणतां थोडेंसें केलेंच आहे. कोणाचा गणपति दीड दिवसाचा, कोणाचा गौरींबरोबर जाणारा, कोणाचा अनंत चतुर्दशीपर्यंतचा. सर्वांचें विसर्जन एकाच दिवशीं असतें, तर कोणत्याच रेल्वेला तो भार सोसला नसता. ज्या कुटुंबांना शक्य आहे त्यांनीं ह्याच धोरणानें म्हातारींकोतारीं व लहान मुलें ह्यांना गौरीविसर्जनानंतरची एक रात्र गांवींच ठेवावें. आणि कचेऱ्या व कारखाने ह्यांच्या चालकांनीं कोकणांतल्या माणसांच्या रजा एकाच तारखेस संपूं देऊं नयेत. ह्यांत खर्च अल्प असून लाभ मोठा आहे. उत्सवाची सांगता मूर्ति पाण्यांत गेली म्हणजे झाली असें आपण मानतों. व्यवस्थापकांनीं मात्र शेवटचा प्रवासी आपल्या उंबरठ्याच्या आंत गेल्यावरच ती झाली असें मानावें.