रोग उलटल्यावर

अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंत अहमदनगर या नांवानें ओळखलें जाणारें शहर. त्यास लागूनच छावणीच्या शेजाराचें भिंगार आहे. तेथील एखादें मध्यम स्थितीचें घर डोळ्यांपुढें आणावें. घरांतील आईचें वय अडुसष्ट. चार वर्षांपूर्वीं तिच्या स्तनांतील कर्करोगाची गांठ काढली, केमोचे डोस झाले, शेक झाला. सर्वांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. आतां पाठ दुखूं लागली म्हणून तपासणी केली, तों रोग हाडांत उतरलेला दिसला. पुण्याहून आलेले कागद बाहेरच्या खोलींत पसरलेले आहेत. थोरला मुलगा म्हणतो, "पैशाकडे पाहावयाचें नाहीं, शेवटपर्यंत उपाय करावयाचे." मुलगी म्हणते, "मागच्या खेपेस तिचे हाल मीं पाहिले आहेत." जांवई म्हणतात, "आईंना कांहीं कळूं देऊं नका." माजघराचें दार लोटलेलें आहे आणि आंत आई तांदूळ निवडीत बसली आहे. तिला सारें समजलें आहे. फक्त तिला कोणी विचारलेलें नाहीं.

हें घर कल्पित आहे, पण प्रसंग कल्पित नाहीं. महाराष्ट्रांतील अनेक घरांत तो येतो. अशा वेळीं निर्णय कसा करावा, याचा शांतपणें विचार होणें अगत्याचें आहे.

पहिली गोष्ट ही कीं, 'रोग उलटला' या दोन शब्दांत सर्व प्रकार सारखे नसतात. कधीं तो मूळच्या जागींच पुन्हा उद्भवतो. तेव्हां शस्त्रक्रियेनें किंवा किरणोपचारानें तो समूळ जाण्याची आशा कित्येकदा असते. कधीं तो हाडें, फुप्फुस, यकृत अशा दूरच्या ठिकाणीं पसरतो. तेव्हां तो पुरता जाणें बहुधा शक्य नसतें, पण आवरून धरतां येतो. स्तनाच्या कांहीं कर्करोगांत केवळ रोजच्या गोळ्यांनीं रोग वर्षानुवर्षें दबून राहतो. उलट अंडकोशाचे व रक्तग्रंथींचे कांहीं कर्करोग असे आहेत कीं, उलटल्यावरही ते बरे होऊं शकतात. म्हणून भीतीनें उपचार सोडणें जितकें चुकीचें, तितकेंच नांव न विचारतां उपचार चालू ठेवणें चुकीचें.

योग्य सल्ला मिळण्याची सोय या प्रांतांत आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्यें रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. पुढच्याच वर्षीं सर दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्तनिधींतून मुंबईस परळ येथें टाटा मेमोरियल रुग्णालय उभें राहिलें व २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं तें उघडलें. सोलापूर जिल्ह्यांत बार्शी येथेंही नर्गिस दत्त यांच्या स्मरणार्थ कर्करोग रुग्णालय आहे. निर्णयापूर्वीं दुसऱ्या जाणत्या डॉक्टरांचें मत घेणें हा पहिल्या डॉक्टरांचा अपमान नव्हे.

डॉक्टरांसमोर बसल्यावर बहुतेक घरचीं माणसें एकच प्रश्न विचारतात: "आणखी कांहीं करतां येईल काय?" या प्रश्नास 'होय' हें उत्तर जवळजवळ नेहमींच मिळतें, कारण कांहीं ना कांहीं औषध नेहमीं उरलेलें असतें. विचारावयाचे प्रश्न निराळे आहेत. या औषधाचा हेतु काय: रोग घालविणें, थोपविणें, कीं वेदना कमी करणें? गुण येईल तर किती दिवस टिकेल? त्यासाठीं किती दिवस प्रवासांत, सलाईनवर आणि उलट्यांत जातील? औषध न घेतलें तर काय होईल? आणि गुण येत नाहीं हें कोणत्या दिवशीं व कोणत्या तपासणीवरून ठरवावयाचें? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. दोन-तीन डोसांनंतर पुन्हा पाहूं व उपयोग नसेल तर थांबूं, असें आधींच ठरलेलें असलें म्हणजे थांबण्याचा दिवस कोणालाही हार मानल्यासारखा वाटत नाहीं.

रोग्याची ताकद ही दुसरी कसोटी. जो स्वतः हिंडतो-फिरतो त्याला केमो सोसतो. जो जागेपणींचा अर्ध्याहून अधिक वेळ अंथरुणावर घालवितो, त्याला, कांहीं थोडे रोग वगळतां, त्यापासून लाभापेक्षां त्रासच अधिक होतो.

तिरुवन्नामलै येथील श्रीरमण महर्षींचा प्रसंग या संदर्भांत आठवण्यासारखा आहे. त्यांच्या डाव्या हातावरील गांठ १९४९ च्या फेब्रुवारींत काढली; ती उलटली. मार्चमध्यें पुन्हा शस्त्रक्रिया झाली, तेव्हां ती कर्करोगाच्या जातीची ठरली. रेडियमचे उपचार झाले. ऑगस्ट व डिसेंबरांत आणखी दोन शस्त्रक्रिया झाल्या. हात तोडावा ही सूचना मात्र त्यांनीं मानली नाहीं. १४ एप्रिल १९५० रोजीं त्यांचें देहावसान झालें. भोंवतालच्या मंडळींना समाधान म्हणून त्यांनीं पुष्कळ सोसूं दिलें, आणि एका ठिकाणीं रेषा ओढली. निर्णय हा एकदांच करावयाचा 'होय' किंवा 'नाहीं' नसतो. एक उपचार घेऊन दुसरा नाकारतां येतो, हें त्यांत दिसतें.

आचार्य विनोबा भावे यांचें उदाहरण याहून वेगळें. हृदयविकारानंतर त्यांनीं औषध, अन्न व पाणी सोडलें आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजीं पवनार येथें देह ठेवला. तो एका व्रतस्थ पुरुषाचा मार्ग होता. केमो थांबविणारी गृहस्थाश्रमी आजी तसें कांहीं करीत नसते. ती जेवते, औषध घेते, नातवंडांत बसते. केवळ जें औषध तिचे दिवस खातें तें ती नाकारते.

येथेंच सर्वांत मोठा गैरसमज आहे. 'उपचार थांबविले' म्हणजे रोग्यास टाकून दिलें, असें लोकांना वाटतें. मुळींच नाहीं. लंडनमध्यें डॉ. सिसिली साँडर्स यांनीं १९६७ मध्यें सेंट ख्रिस्तोफर हें शुश्रूषालय काढून, रोग बरा होत नसतांही वेदना शमवितां येतात हें दाखविलें. मुंबईस वांद्रे येथें १९८६ मध्यें शांति आवेदना सदन सुरू झालें. भारतांतील अशा प्रकारची ती पहिली संस्था. २०१० मध्यें अमेरिकेंत फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रोग्यांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमींच्या उपचारांबरोबर आरंभापासून वेदनाशमनाची जोड मिळाली, त्यांना शेवटच्या काळांत तीव्र उपचार कमी झाले. तरी ते सुमारें ११.६ महिने जगले, आणि इतर ८.९ महिने. मॉर्फिनविषयींची धास्तीही अकारण आहे. जाणत्याच्या हातून योग्य प्रमाणांत दिलेलें मॉर्फिन कर्करोगाच्या वेदनेवर उत्तम औषध असून, तें मिळणें सुकर व्हावें म्हणून २०१४ मध्यें कायद्यांतही सुधारणा झाली. मात्र डॉक्टरांचे उपाय संपले असें ऐकून जडीबुटीवाल्यांच्या व हमी देणाऱ्यांच्या दारीं जाणें, म्हणजे उरलेले पैसे व दिवस दोन्ही गमावणें होय.

कायदाही स्पष्ट आहे. ९ मार्च २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें सन्मानानें मरण येणें हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला आणि शुद्धीवर असलेल्या सज्ञान मनुष्याचा उपचार नाकारण्याचा अधिकार मान्य केला. पुढें शुद्ध राहिली नाहीं तर काय करावें, हें आधींच लिहून ठेवतां येतें. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशानें दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्या समक्ष तें करणें पुरेसें झालें. प्राण घेण्याची मुभा मात्र कायदा कोणासही देत नाहीं.

उरला पैसा. त्याविषयीं बोलणें पाप समजलें जातें, आणि म्हणूनच कर्ज वाढतें. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेंत कर्करोगाच्या कित्येक उपचारांचा समावेश आहे. त्याची चौकशी प्रथम करावी. परंतु शेत गहाण टाकून आणलेलें औषध आईला हवें आहे काय, हें आईलाच विचारावें. लोक काय म्हणतील, या भयानें दिलेला डोस हा आईसाठीं नसून लोकांसाठीं असतो.

आतां भिंगारच्या त्या घरीं परत यावें. समजा, थोरल्या मुलानें माजघराचें दार उघडलें, आईजवळ पाट घेऊन बसला आणि म्हणाला, "आई, रोग पुन्हा आला आहे." आई निवडण्याचें सूप बाजूस ठेवून म्हणाली, "ठाऊक आहे रे मला. तुम्ही कधीं सांगतां याचीच वाट पाहत होतें." मग तिनें विचारलें, गोळ्यांनीं भागेल काय? पाठीला शेक घेतला तर बसतां येईल काय? या दोन्हींस डॉक्टरांचा होकार होता. तें ती घेणार. सलाईनचें औषध तूर्त नको. तीन महिन्यांनीं पुन्हा पाहूं. आणि शेवटीं कांहीं झालें तर मला याच घरांत ठेवा, एवढें कागदावर लिहा.

मुलगी डोळे पुसून दिवा लावावयास उठली. मुलानें वही काढली, आणि आईनें सांगितलेलें एकेक वाक्य तो लिहून घेऊं लागला.